एक लिटर पेट्रोल अन् मोहिउद्दीनचा पाय

मोहिउद्दीन मिस्तरी खोटं बोले, पण फक्त स्वतःच्या अम्बेसिडरबद्दल. बाकीच्यांच्या गाड्यांबद्दल तो इतकं खरं बोले की लोक त्याच्या गॅरेजवर गाडी आणाले भेत. "हे भंगार कायले वागवून राह्यले?" असं तो घाटंजीतल्या भल्याभल्या माणसाले बोनेट उघडायच्या आधीच विचारे. नुसता आवाज ऐकून. पण गोष्ट त्याच्या सफेद अम्बेसिडरवर आली की झालं! मग ती गाडी एसटीले उभी ठेवून पुढे जाई, खड्ड्यावरून तरंगे, अन् पेट्रोल तर नुसतं वासापुरतं घेई.

मी रजनी. पोस्टाच्या खिडकीमांगं एकतीस वर्षं बसली, तवा कोण थापा मारते ते मले तोंड उघडायच्या आधी समजते. मोहिउद्दीनभाऊच्या थापा समजत होत्या, तरी मी ऐकून घेई. कारण एकच. दुसऱ्या बाजूनं थापा मारणारे माणूस माह्याच घरात होते.

आमचे हे, म्हणजे चंद्रशेखर, तहसिलातून रिटायर झाले, अन् त्यांच्याजवळ फियाट आहे. आकाशी रंगाची प्रीमियर पद्मिनी. पण पद्मिनी म्हटलं की ह्यांले राग येते, फियाटच म्हणा म्हणतात. लग्नात मले जेवढं निरखून पाह्यलं नसेल तेवढं त्या गाडीले रोज सकाळी पाहतात. पिवळ्या फडक्यानं पुसतात. ते फडकं मी एकदा भांड्याले घेतलं, तर दोन दिवस बोलले नाही.

घाटंजीत चालत्या हालतीतल्या जुन्या गाड्या दोनच. एक आमची अन् एक मोहिउद्दीनभाऊची. अन् दोन्हीचा मिस्तरी एकच, तोच. आता असं पाहा, ज्याच्या हातात आपल्या गाडीचा जीव आहे, त्याच्याशीच कोणी रोज भांडते का? आमचे हे भांडत. रोज साडेदहाले, चहाच्या टायमाले, गॅरेजवर जाऊन.

माणूस कसा होता सांगतो. किडकिडा. उजवा खांदा डाव्याहून खाली, जिंदगीभर गाड्यांखाली एका कडेवर झोपून तसा झालेला. लोक कानावर बिडी ठेवतात, हा खडू ठेवे. गाडी चालवाची असली की आधी चप्पल काढे, बाहेर ठेवे, अन् कधीकधी तिथंच विसरून जाई. म्हणून घाटंजीत कुठंही एकटा चपलेचा जोड पडलेला दिसला की लोक म्हणत, मिस्तरी इथून गाडी घेऊन गेला.

"चप्पल काहून काढता भाऊ?" मी एकदा विचारलं.

"भाभी, पायाले इंजन समजलं पायजे. तुम्ही पोळी चिमट्यानं थापता काय?"

खडू कायले, तर गॅरेजच्या लोखंडी दारावर त्यानं दोन्ही गाड्यांची कुंडली लिहून ठेवली होती. लग्न जुळवाले लिहितात तशी, दोन रकाने करून. पावसात पुसली की पुन्हा लिहे. इंजन: अम्बेसिडर चौदाशे एकोणनव्वद सीसी, फियाट एक हजार एकोणनव्वद. टाकी: चोपन्न लिटर, अडतीस लिटर. वजन: अकराशे पन्नास किलो, आठशे पंच्याण्णव किलो. दोघींचाही गिअर स्टेअरिंगवर, तिथं त्यानं मधात एकच खूण केली होती, म्हणजे छत्तीस गुण जमले नाही पण एक तरी जमला. शेवटच्या ओळीत मात्र अम्बेसिडरखाली लिहिलं होतं "रानी" अन् फियाटखाली "ठीक".

त्या "ठीक"पायी आमच्या ह्यांची झोप उडाली होती.

मग मुकाबले सुरू झाले. पहिला मुकाबला कपाचा. मोहिउद्दीनभाऊची बायको जैबुनबी, तिनं दोन कप चहा काठोकाठ भरून दिला. एक कप अम्बेसिडरच्या मांगच्या सीटवर, एक फियाटच्या. आठवडी बाजाराच्या रस्त्यानं, जिथं खड्ड्यातून रस्ता शोधावा लागते, दोघी गेल्या अन् परत आल्या. अम्बेसिडरचा कप अर्धा भरलेला. आमच्या गाडीत कप सापडलाच नाही. दांडी तेवढी सापडली. त्या सीटवरचा डाग मी चार वेळा धुतला, आता तो डाग नाही, नक्षी आहे असं आमचे हे सांगतात.

दुसरा मुकाबला गल्लीचा. मशिदीमांगची गल्ली अशी की म्हैस वळाची असली तरी विचार करते. फियाट एका झटक्यात वळली. अम्बेसिडर मांगं, पुढे, मांगं, पुढे, अन् शेवटी एका घराच्या ओट्याचा कोपरा घेऊनच निघाली. ओटा मोहिउद्दीनभाऊनं स्वतःच सिमेंट कालवून बांधून दिला. बांधताना म्हणे, "ओटाच बाहेर आलता. गाडी सीधी हाय."

तिसरा रुपयाचा. चालू इंजनवर रुपया उभा ठेवाचा, पडला की हारले. अम्बेसिडरवर रुपया पोळ्याच्या बैलासारखा उभा. फियाटवरही उभा! दोन्ही इंजनं त्याच्याच हातची, पडेल कसा? त्या दिवशी दोघं आपापल्या परीनं जिंकून घरी गेले.

पण एका मुकाबल्याचं नाव काढलं की मोहिउद्दीनभाऊले बाहेर काम आठवे. तो म्हणजे लिटरचा. एका लिटरात कोण किती जाते. तेरा-चौदा वर्षं आमचे हे "लिटर लावा, लिटर लावा" म्हणत अन् तो "अरे हव, तो प्लग पाहाचा राह्यला" म्हणत पान्याची पेटी उचलून चालू पडे. अडीचशे किलो जास्तीची गाडी अन् चारशे सीसी मोठं इंजन, ती पेट्रोल कमी पिईल हे चौथीतल्या पोराले पटलं नसतं. पण चारचौघात तो छातीवर हात ठेवून सांगे, "माही रानी फियाटच्या पुढे जाईल. लिटरमंदी बी."

ह्या बोलण्यानंच घात केला.

दोन हजार सहाचं साल. कापसाचं जे झालं ते सगळ्यांले माहीतच आहे, मी नवीन काय सांगू. जिनिंग बंद पडली, जिनिंगवाल्यांच्या गाड्या नागपूरले विकल्या गेल्या. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर झाकून ठेवला. ज्याचं शेत बसलं त्याचं दुकान बसलं, अन् ज्याचं दुकान बसलं तो स्कूटरही ढकलत नेई पण मिस्तरीकडं नेईना. तालुक्यात गाड्या दिसत त्या साहेब लोकांच्या. लाल दिव्याच्या सफेद अम्बेसिडरी, रांगच्या रांग, आमचं दुःख पाहाले आलेल्या. एकदा त्यातली एक गॅरेजसमोर थांबली तर मोहिउद्दीनभाऊ धावत गेला. साहेबानं काच खाली करून केळापूरचा रस्ता विचारला अन् काच वर केली. भाऊ मले म्हणे, "भाभी, चौथ्या सिलिंडरचा टॅपिट वाजत होता. त्याले सांगाचं राह्यलं." दिवसभर त्याले त्याचीच हळहळ.

त्याचा पोरगा तारिक. बापाहून शांत, हात तसाच चांगला, अन् डोकं जागेवर. घरात चूल पेटली पाहिजे हे त्याले दिसत होतं. त्यानं यवतमाळच्या भंगारातून जीपचं डिझल इंजन पाहून ठेवलं. अम्बेसिडरचं पेट्रोल इंजन काढाचं, ते डिझल बसवाचं, अन् घाटंजी-यवतमाळ सवारी मारायची. दहा बसतात, बारा कोंबता येतात. ह्यात चुकीचं काही नव्हतं. पण बापाले सांगाचं कसं?

कारण ते इंजन म्हणजे साधं इंजन नव्हतं. एका जिनिंगवाल्यानं ती गाडी भंगार म्हणून टाकून दिलेली. आत कोंबड्या अंडे देत. मोहिउद्दीनभाऊनं ती बैलबंडीनं ओढत आणली अन् दिवसा लोकांची कामं करून, उरल्या वेळात अकरा महिने तिच्यापाशी बसला. नट न् नट. जैबुनबी सांगे, "रजनीबाई, त्या वर्षी हे मह्याशी कमी अन् पिस्टनशी जास्त बोलले." ते इंजन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी त्यानं अख्ख्या मोहल्ल्याले जिलबी वाटली होती.

तारिकनं मग बापाचीच गोष्ट धरली. चारचौघात, साडेदहाच्या चहाले, आमच्या ह्यांच्या समोर.

"अब्बा, तुम्ही म्हणता न, लिटरमंदी बी पुढे जाईल? लावा लिटर. गेली पुढे तर मी इंजनचं नाव काढणार नाही. नाही गेली तर इंजन उतरवाचं."

"लाव!" मोहिउद्दीनभाऊ म्हणे. म्हणून तर बसला, अन् मग त्याच्या तोंडावरचा रंग गेला. पण शब्द गेला तो गेला.

"अजून एक," तारिक म्हणे. "तुमचा पाय असला तर बंडीबी पंधराचं अॅव्हरेज देईल. सवारी तर मले माराची हाय. म्हणून पाय बदलाचे. अम्बेसिडर काकाजी चालवतील. तुम्ही फियाट चालवा."

आमचे हे तर टुणकन उठले. चौदा वर्षांनी लिटर लागत होतं! म्हणे, "मंजूर!" अरे, कशाले मंजूर? ह्या माणसाचा पाय म्हणजे उखळातलं मुसळ. एकतर वर, नाहीतर खाली, मधात काही नाही. मी घरी आल्यावर ह्यांले म्हटलं, "तुमच्या हौशीपायी त्या माणसाचं इंजन जाईल." तर म्हणतात कसे, "शास्त्र म्हणजे शास्त्र, रजनी."

शास्त्र! मी तशीच उठली अन् जैबुनबीकडे गेली. ती चुलीपाशी बसून रडून राह्यली होती. म्हणे, इंजन गेलं तर हा माणूस खाटंवरून उठणार नाही. दोघी मिळून विचार केला. फियाट जड झाली की कमी जाईल, एवढं तर दारावरची कुंडली वाचून वाचून आमालेबी समजत होतं. तिच्या बकऱ्यांसाठी आणलेली सरकी होती, साठ-साठ किलोची दोन पोती. मुकाबल्याच्या सकाळी आमचे हे आंघोळीले गेले अन् आम्ही दोघींनी ती पोती फियाटच्या डिकीत लोटली. वरून जुनी सतरंजी. माय व माय, कंबर आठ दिवस धरून होती! पण मन कसं हलकं झालं. एकतीस वर्षं सरकारी नोकरी इमानदारीनं केली, एक पाकीट इकडचं तिकडं केलं नाही. ती सगळी कसर त्या दिवशी भरून काढली.

आता आमाले काय माहीत देवीलाल मधात तडमडेल म्हणून.

देवीलाल म्हणजे कापूस बाजारातल्या वजनकाट्यावरचा माणूस. कापसाच्या बंड्या येत नव्हत्या, तवा बिचारा रिकाम्या काट्यावर बसून स्वतःचंच वजन करे. मुकाबल्याची गोष्ट ऐकून तो सकाळीच गॅरेजवर हजर. म्हणे, "मिस्तरी, दारावर वजन लिहिता, कधी करून पाह्यलं काय? काटा रिकामाच हाय. चला."

मी म्हटलं, "कायले? पुस्तकात आहे न ते वजन."

"काकू, पुस्तक छापलं तवा गाडी नवी होती," तारिक म्हणे.

मी जैबुनबीकडे पाह्यलं, तिनं माह्याकडे. 

पहिले अम्बेसिडर चढली. लाल आकडे पळाले अन् थांबले, अकराशे साठ. "दहा किलो त माती असंल," देवीलाल म्हणे, सगळे हसले. मग आमची फियाट चढली. आकडे थांबले, एक हजार पंधरा.

 मोहिउद्दीनभाऊ एकदा आकड्याकडे पाहे, एकदा गाडीकडे. मग त्यानं गाडीच्या मांगच्या, वजनानं दबलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांकडं वाकून पाह्यलं, उठला, अन् सीधा डिकीपाशी गेला. सतरंजी उचलली. दोन पोती अशी बसलेली, जशा लग्नात रुसलेल्या दोन आत्या.

"ही सरकी कोणाची?" आमचे हे.

"बाजारातून येताना... घेतली," मी म्हटलं.

"आपल्याकडे ढोर कुठं आहे?"

"घेऊ म्हटलं एखादं!"

देवीलाल काट्याच्या खोलीत जाऊन हसला, पण आवाज बाहेर येत होता. आमच्या ह्यांनी माह्याकडे असं पाह्यलं, जसं तहसिलात खोटा सातबारा आणणाऱ्याकडं पाहत. स्वतःची बायको शत्रूपक्षात! मी मान खाली घातली, पण लाज वाटली असं काही सांगत नाही. पकडल्या गेलो याचाच राग आला होता.

मोहिउद्दीनभाऊ पोत्यांवर वाकला. पोत्यावरची गाठ त्यानं ओळखली असणार, कारण जैबुनबी गाठ मारते तशी दुसरं कोणी मारत नाही. दोन्ही पोती त्यानं स्वतः उतरवली. मग काटा दारावरच्या आठशे पंच्याण्णववर येईस्तोवर तो तिथंच उभा.

अशा रीतीनं मुकाबला सुरू झाला. टाकीची नळी बंद करून दोन्ही गाड्यांच्या खिडकीपाशी पाण्याची लिटरवाली बाटली बांधली, तिच्यात मोजून एक लिटर पेट्रोल, अन् सलाईनची नळी तिथून बोनेटमंदी. पांढरकवड्याच्या रस्त्यानं जायचं, जिथं बंद पडेल तिथं उभं राहाचं, किलोमीटरचे दगड मोजाचे. प्रत्येक गाडीत दुसऱ्या बाजूचा एक साक्षीदार. आमच्या ह्यांच्या बाजूले तारिक. अन् मोहिउद्दीनभाऊच्या बाजूले कोण? फियाटच्या मालकाची बायको. म्हणजे मी. सरकीनंतरही मलेच बसवलं, कारण नियमात तसं होतं अन् आमचे हे नियमाचे मोठे पक्के.

अम्बेसिडर आधी सुटली. आमच्या ह्यांनी दाबली ती अशी, की देवीलालची टोपी उडाली. मोहिउद्दीनभाऊनं डोळे मिटले. "हाय अल्ला, सेकंड गिअरमंदी किती ओढून राह्यले," एवढंच म्हणे. मग चप्पल काढली, काट्यावरच ठेवली, अन् आमची फियाट हलली.

हलली कधी ते मले समजलंच नाही. एकवीस वर्षं मी त्या गाडीत बसतो, मले वाटे तिले धक्का देतच चालाची सवय आहे. पण त्या दिवशी ती अशी निघाली जशी कोणी झोपलेल्या लेकराले एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं. उतार आला की तो पाय काढून घेई. चढ आला की चढाच्या आधीच थोडा वेग घेऊन ठेवे. ब्रेकले त्यानं हातही, म्हणजे पायही, लावला नाही. समोर बंडी दिसली की दोनशे फुटांवरूनच असा हिशेबात येई, की आम्ही पोचेस्तोवर बंडी बाजूले झालेली. दोन्ही कडंनं कापूस झाडावरच फुटून लोंबत होता, वेचाले कोणी नाही. मी बाटलीकडे पाहून राह्यली होती. पाचवा दगड गेला, अन् बाटली अर्धीही झाली नव्हती.

"भाऊ," मी म्हटलं, "जरा दाबा न."

"हव."

सहावा दगड. सातवा. पाय तसाच.

"भाऊ, तुम्ही हारून राह्यले! आपल्या हातानं!"

"पाहून राह्यलो न भाभी मी."

नवव्या दगडाच्या पुढे समोरून सायकलवाला आला. मी काचेतून हात काढून त्याले थांबवलं. "सफेद गाडी दिसली काय रे?"

"हव न. नाल्यापलीकडं उभी हाय. अकराव्या दगडापाशी. म्हातारे बुवा चाकाले लाथा मारून राह्यले."

म्हणजे अम्बेसिडर संपली. अकरा. आमच्या ह्यांच्या मुसळानं तिचा जीव अकरावर घेतला. अन् आम्ही नाल्याच्या अलीकडे, वळणामांगं. तिकडून कोणाले आम्ही दिसत नव्हतो. बाटलीत पेट्रोल अजून चार बोटं.

मी सरळच बोलली. "भाऊ, थांबवा इथं. गाडी उभी करून नुसती रेस करा. बाटली रिकामी होते. मंग म्हणू, दहावर संपलं. साक्षीदार मीच आहे न? मी सांगीन. कुराणावर हात ठेवाले लावला तर तो ठेवता येणार नाही, पण गीतेवर ठेवीन, विठोबाच्या पायावर ठेवीन! माह्या नवऱ्याले मी पाहून घेतो."

त्यानं खरंच गाडी थांबवली. इंजन चालू. रस्त्यावर कोणी नाही. बराच वेळ तो स्टेअरिंगले धरून बसला. त्याच्या डोळ्यातून पाणी आलं, अन् त्यानं ते पुसलंही नाही, कारण पुसाले हात सुटले पाहिजे. उजवा पाय त्यानं उचलला अन् अॅक्सिलेटरवर ठेवला. मी मनातल्या मनात म्हटलं, दाब रे बाबा, दाब.

त्यानं दाबलं. एकदा, भर्रकन. फियाट उभ्या उभ्या किंचाळली. अन् त्यानं असा झटक्यात पाय काढला, जसा निखाऱ्यावर पडला.

"नाही होत भाभी," तो म्हणे. "उभ्या गाडीले असं नाही करवत. तिचं काय चुकलं?"

"तिचं नाही चुकलं, तुमचं चुकून राह्यलं! इंजन जाईल तुमचं!" मी ओरडली. मले रागानं रडू आलं. असा बैताड माणूस मी पाह्यला नाही.

"जाईल," तो म्हणे. अन् गिअर टाकला.

वळण घेतलं अन् नाल्यापलीकडं अम्बेसिडर दिसली. आमचे हे खरंच चाकापाशी उभे होते. तारिक रस्त्याच्या मधात. आमची फियाट पाहून तो बाजूले झाला. मोहिउद्दीनभाऊनं आपल्या गाडीकडं पाह्यलं नाही, पोराकडं पाह्यलं नाही. सरळ पुढे पाहत, त्याच पायानं, त्याच चालीनं, तिच्या बाजूनं गाडी काढली. मुकाबला तिथंच संपला होता. पण तो थांबला नाही. बारावा गेला. तेरावा गेला. चौदाव्याले बाटलीत बोटभर. पंधराव्याले नुसती नळी ओली. मी बोलणं सोडून दिलं होतं. खरं सांगतो, त्या शेवटल्या दगडाले मी स्वतःच श्वास धरून बसली. सोळावा दगड गेला, अन् उतारावर ती हळूहळू आवाज न करता विझली.

तो खाली उतरला, अनवाणी, डांबर तापलेलं, मांगं सोळाव्या दगडापर्यंत चालत जाऊन आला, अन् बोनेटवर हात ठेवून उभा राह्यला. मांगून तारिक कोणाच्या तरी मोटरसायकलवर आला. त्यानं दगड पाह्यला. मिस्तरीचा पोरगा तो, त्याले एका नजरेत समजलं. काकाजीच्या पायानं फियाटनं कधी बाराच्या वर दिलं नव्हतं.

"अब्बा," तारिक म्हणे, "राहू द्या. इंजन राहू द्या. मी दुसरं काही पाहतो."

"काहून?" बाप म्हणे. "शर्त नव्हती लागली काय?"

परतीच्या रस्त्यानं आमचे हे जिंकून आले होते, पण घरी जेवले नाही. दारावरच्या "ठीक"बद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, अन् फियाट चार दिवस पुसलीही नाही.

शुक्रवार सोडून शनिवारी इंजन उतरवलं. मोहिउद्दीनभाऊनं तारिकले हात लावू दिला नाही, नट सगळे स्वतः खोलले, एकेक नट डब्यात क्रमानं ठेवला. आम्ही सगळे होतो, जैबुनबी, मी, आमचे हे, देवीलालही काटा सोडून आला. चेनकुप्पी लावली, तारिकनं साखळी ओढली, अन् इंजन गाडीच्या पोटातून वर आलं. अधांतरी लटकलं. मोहिउद्दीनभाऊनं खालून त्याले तळहात लावला.

"अब्बा, हात काढा. चेननं धरलं हाय न," तारिक म्हणे.

"धरू दे."

इंजन लाकडी पेटीवर बसेस्तोवर त्यानं हात काढला नाही. काळा, तेलकट हात, अन् दीडशे किलोच्या वर वजन असलेलं ते इंजन, ज्याले त्या हाताचा काडीचाही आधार नव्हता. जैबुनबीनं पदर तोंडाले लावला. मी तर उघडच रडली, कोणाची लाज धरली नाही. मले वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. आता पडेल.

त्यानं हात पँटले पुसले. आमच्या ह्यांकडं पाह्यलं. मग माह्याकडं.

"भाभी, तुम्ही साक्षीदार होत्या. ह्यांले पूर्ण सांगितलं का नाही?"

"काय पूर्ण?"

"सोळा नाही. सोळाच्या वर तीनशे मीटर. मी पावलं मोजली."